चार महिने कराटे बंद

आमच्या घरात पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात आणि चपलेखाली मुंगी सापडू नये म्हणून खाली बघून चालतात. अशा घरात राहून मी आणि माझ्या वडिलांनी मिळून किती चिनी माणसं मरताना पाहिली, त्याची मोजदाद नाही. तीही आवडीने, शेंगदाणे खात खात.

अकोल्याकडच्या मालेगावात आमचं कापडाचं दुकान आहे. बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, माल आणायला अकोल्याला जावं लागे. मी दहाएक वर्षांचा असताना एकदा त्यांनी मलाही सोबत नेलं. गठ्ठे बांधून झाले, परतीच्या एसटीला अजून तीन तास होते. बाबूजी मला घेऊन एका गल्लीत वळले आणि टॉकीजच्या दारात उभे राहिले. डोअरकीपरने त्यांना हसून हात केला, तेव्हाच मला कळलं की इथे ते पहिल्यांदा आलेले नाहीत. आत पडद्यावर एक टकला पोरगा दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन डोंगर चढत होता.

"घरी सांगू नको," बाबूजी कानाशी म्हणाले. "कराटे हाय."

त्या काळी आमच्याकडे असल्या सगळ्या सिनेमांना कराटेच म्हणत. कुंग फू हा शब्द मला फार उशिरा कळला आणि बाबूजींना तो कधीच पटला नाही. सिनेमा संपल्यावर बाहेर येऊन त्यांनी रस्त्याच्या कडेला डोळे मिटले आणि नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला. मारामारी पाहताना मनाला आनंद झाला, म्हणजे मनातल्या मनात हिंसा झालीच, असा त्यांचा हिशेब होता. तेवढ्यापुरतं प्रायश्चित्त उरकून आम्ही एसटी पकडली. पुढे हे आमचं गुपितच झालं. आईला ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ती काही बोलली नाही.

आता पन्नाशीत मागे वळून बघताना वाटतं, त्या सिनेमांत होतं तरी काय? पैसा तर दिसतच नव्हता. पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याची दाढी कानापाशी सुटलेली असायची. मागच्या सिनेमात ज्या टेकडीवर बाप मारला गेला, त्याच टेकडीवर ह्या सिनेमात गुरू मारला जायचा. पहिल्याच मारामारीत मेलेला माणूस पुढच्या मारामारीत मिशी लावून परत हजर. तोंड बंद झालं तरी शब्द चालूच, आणि गुद्दा लागायच्या आधीच त्याचा आवाज यायचा. सगळं उघडंनागडं. पण अंग मात्र खरं होतं. उडी मारणारा माणूस खरंच उडी मारत होता, घामाघूम होत होता, आणि ती उडी त्याला यावी म्हणून कोणीतरी त्याला वर्षानुवर्षं बादल्या वाहायला लावल्या होत्या हे दिसायचं. बाबूजींना त्यातलं शिकण्याचंच जास्त वेड. गुरू दारातून हाकलून देतो, पोरगा दारातच बसून राहतो, मग गुरू त्याला झाडू देतो, वर्षभर नुसतं अंगण झाडायला लावतो. "पाह्य बरं," ते मला म्हणायचे, "मीबी तुले आधी कापड मोजाचा गज धरालेच लावला होता. कैची हाती येवाले दोन वर्सं लागले." आणि दुसरं म्हणजे शेवट. शेवटचा दुष्ट जमिनीला टेकला रे टेकला की सिनेमा खलास. कोणी रडत नाही, कोणी तेरावं घालत नाही. बाबूजींना ते फार सोयीचं वाटायचं.

मी एकदा विचारलं होतं, आपल्याला हे शोभतं का? ते म्हणाले, "कोन मरून राह्यलं त्यात? सारे नाचून राह्यले."

सत्तरीनंतर बाबूजींचे कान गेले. मशीन घेऊन दिलं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी डबीत घालून ठेवलं. बहिऱ्या माणसाशी घरातले लोक हळूहळू कामापुरतंच बोलायला लागतात. जेवलात का, गोळी घेतली का, आंघोळीला चला. आम्हीही तसेच झालो, त्यात काही वेगळं केलं नाही. पण दुपारी दोनला मी दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला घरी यायचो आणि जेवण झालं की टीव्हीवर एक जुना कराटे शोधून लावायचो. आता तर सगळे फुकट मिळतात, खजिनाच उघडला आहे. आणि कराटेला कान लागत नाहीत. घरात त्या दोन तासांपुरते बाबूजी बहिरे नसत. मांडीवर थाप मारत, मला कोपराने ढोसत, "आता पाह्य, आता पाह्य" करत. रिमोट त्यांना काही केल्या जमला नाही. लावून द्यायला मीच लागायचो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं.

मागच्या वर्षी आमच्या गावात एका महाराजांचा चातुर्मास झाला. सुरुवातीच्या प्रवचनात एकेक जण उठून चार महिन्यांचा नियम घेऊ लागला. कोणी चहा सोडला, कोणी साखर, एका आजीबाईंनी चपला. आमच्या समोरच्या लायनीत दुसरं एक कापडाचं दुकान आहे. त्याचा मालक उठला आणि त्याने गादीवर झोपणं सोडलं. मंडपात जयजयकार झाला. मला काय झालं कोण जाणे. मी उठलो आणि म्हणालो, "महाराज, चार महिने सिनेमा बंद. टीव्हीच बंद." महाराजांनी मोरपिसांची पिच्छी वर करून आशीर्वाद दिला. जयजयकार झाला, माझ्या मते गादीपेक्षा थोडा मोठा.

घरी येऊन मी टीव्हीवर चादर घातली. बायकोने विचारलं, "आन् बाबूजीचं काय?"

मी तिला धर्म शिकवला. पाप तीन तऱ्हेने लागतं, एक स्वतः केल्याने, दुसरं दुसऱ्याकडून करवल्याने आणि तिसरं केलेल्याला बरं म्हटल्याने. मी जर बाबूजींना सिनेमा लावून दिला, तर ते करवणं झालं. म्हणजे नियम मोडला.

"मंग मी लावून देते."

"मी हो म्हटलं तं तेबी अनुमोदनाच झाली. आन् आवाज माह्या कानावर येईन तो वेगळाच."

"आवाज कायले लागते त्याइले?" ती म्हणाली. एवढं सरळ बोलणं होतं. पण माझ्या डोक्यात अजून मंडपच घुमत होता. मी तिला गप्प केलं. पुण्य कमवायचं तर पुरतं कमवावं, असा माझा व्यापारी बाणा.

बाबूजींना मी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं केलं. आपल्या घरात एवढा त्याग कोनं केला नव्हता." ते मनापासून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला कौतुकच दिसलं, दुसरं काही मी शोधलंही नाही.

पहिले दोनतीन दिवस सवयीने ते दोन वाजता येऊन चादर घातलेल्या टीव्हीसमोर बसले. मी जपमाळ घेऊन बसलो होतो. नंतर ते काठी घेऊन बाहेर जायला लागले. कोपऱ्यावर एक सलून आहे, तिथे पेपर वाचत बसतात असं कळलं. मला हायसं वाटलं. म्हाताऱ्याचा वेळ जातो आहे ना, झालं तर मग.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की आमच्याकडे क्षमावाणी असते. वर्षभरात जाणता अजाणता जे काही चुकलं असेल, त्याची एकमेकांना हात जोडून क्षमा मागायची. हल्ली हे काम मोबाइल करतो. सकाळीच मी एक गुलाबाचं चित्र तीनशे लोकांना पाठवून मोकळा झालो होतो. घरातल्यांना मात्र समोरासमोर. मी बाबूजींच्या पाया पडलो, हात जोडले. त्यांनीही हात जोडले, आणि रीत म्हणून जे पुटपुटायचं ते न पुटपुटता सरळ बोलले.

"मलेबी क्षमा कर. मी त्या सलूनात त्याच्या मोबाइलवर दोनतीनदा कराटे पायलं. घरात नियम आन् मी बाहीर जाऊन... तुह्या त्यागाले बट्टा लागला असन तं क्षमा कर, बापा."

ऐंशीला टेकलेला माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता. तळहाताएवढ्या पडद्यावर त्याने दोनतीनदा उड्या मारणारी माणसं पाहिली होती. मी काय करायला हवं होतं हे आता शेंबडं पोरही सांगेल. चादर ओढून फेकायला हवी होती. मी काय केलं? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने मान हलवून त्यांना क्षमा केली. हो, क्षमा केली.

तेवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी मी सलूनवाल्याकडे गेलो. माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, जवळच्या खेड्यातून येऊन इथे स्थिरावलेला माणूस. गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो, "बाबूजीले पिच्चर नको दाखवत जाऊ. आमचा नियम हाय." माझा म्हणालो नाही, आमचा म्हणालो. त्याने साबणाचा हात पुसला आणि "हो शेटजी" म्हणाला.

आश्विनात, दिवाळीला दोन आठवडे असताना, बाबूजी दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्रास नाही, दवाखाना नाही. सांत्वनाला आलेले लोक म्हणाले, भाग्यवान, धर्माच्या वातावरणात गेले. दिवाळीला नियम संपला. तो पूर्ण केल्याबद्दल मंदिरात माझं नाव वाचलं गेलं. मी उठून हात जोडले. गादी सोडणारा शेजारी म्हणाला, "दुःखातबी मोडला नाही तुमी." मला तिथल्या तिथे भुईत गडप व्हावंसं वाटलं, पण मी बसून राहिलो.

टीव्हीवरची चादर बायकोने काढली, धुतली आणि घडी करून ठेवली. दुपारी मी एकदोनदा कराटे लावून पाहिला. उड्या त्याच होत्या, टेकडीही तीच. दहा मिनिटांत बंद केला. वर्षभर मी दाढी-कटिंगला बसस्टँडकडच्या दुकानात गेलो, कोपऱ्यावरून जायचं टाळलं.

यंदा क्षमावाणीला गुलाब पाठवले नाहीत. दुपारी सलूनात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी हात जोडून म्हणालो, "मांगच्या वर्षी मी तुले चारचौघांत बोललो. चुकलं माह्यं. क्षमा कर."

तो गोंधळला. त्याच्याकडे ही रीत नाही. म्हणाला, "तुमी म्हटलं तवापासून म्या दाखवनं बंदच केलं होतं शेटजी."

"मंग बाबूजीचं येनं बंद झालं असन."

"कायचं बंद? रोज येत. म्याच एकदा न राहवून मोबाइल काढला तं आडवा हात केला. म्हने, लेकाचा नियम हाय, पायनार नाही." तो हसला. "मंग म्या युक्ती केली. राती घरी एक पिच्चर पायचो आन् दुपारी त्याइले करून दाखवाचो. पायनं नाही ना झालं ते?"

आणि त्याने दाखवलं. दाढीचा फेस हनुवटीला लावून तो पांढऱ्या दाढीचा गुरू झाला, टॉवेल खांद्यावर टाकून शिष्य झाला. दोन खुर्च्यांच्या मधल्या वीतभर जागेत फणी आणि कैची घेऊन स्वतःच स्वतःशी लढला, आरशात पाहून दचकला, आणि शेवटी स्टुलाला अडखळून दुष्टासारखा पडला. फार वाईट नट होता. मला हसू आलं आणि हसता हसता मी तोंडावर हात धरला, कारण ते हसू राहिलं नव्हतं.

"बाबूजी लय हासत," तो फेस पुसत म्हणाला. "या खुर्चीवर बसत. मांडीवर थाप मारत. मले म्हनत, उडी बराबर नाही जमली, उद्या पुन्ना कर."

मी पुन्हा हात जोडले. आणि तेच म्हणालो, क्षमा कर.

त्याने माझे हात धरून खाली केले. "मले काहून मांगून राह्यले शेटजी? मी तं रोज होतो त्याइच्यासंगं. तुमीच नव्हते."