वीतभर वरून फिरणारा हात

“अरे, तोंडावरचा हात तरी काढ! तुझ्या श्वासानं इथं कुणी विटाळत नाही!”

पुढच्या रांगेतून हे आलं आणि अख्खा मांडव हसला. मी व्यासपीठावर उभा होतो. उजवा हात तोंडापुढं. तो वर कधी आला मला कळलंच नव्हतं. मी तो खाली घेतला. बोलायला तोंड उघडलं, पुन्हा हात वर. पुन्हा हसू. या वेळी आमच्या बोर्डिंगातली पोरंसुद्धा हसली. शेवटी आमच्या मास्तरांनीच खूण करून मला खाली बोलावलं.

कोल्हापुरातल्या आमच्या बोर्डिंगचा तो बक्षीस समारंभ होता. महाराजांच्या राज्यात आम्हा महारामांगांच्या पोरांना शहरात राहून शिकायची सोय झाली होती. समारंभाला दरबारची माणसं येत, शाळाखात्याचे साहेब येत, आणि बोर्डिंगच्या एका विद्यार्थ्यानं त्यांच्यापुढं चार शब्द बोलायचे अशी रीत होती. पाठांतर चांगलं म्हणून मास्तरांनी मला निवडलं. मी काय बोलायचं ते मात्र माझ्या घरानं ठरवलं होतं.

आमचं गाव मुरगूडच्या अलीकडं. शाळेत सगळ्या जातीची पोरं एकत्र बसवा असा महाराजांचा हुकूम सुटला होता. हुकूम गावात आला, शाळेच्या मास्तरनं वाचला, घडी घालून ठेवला. आमची पोरं होती तिथंच राहिली, ओसरीखाली, अंगणात. माझी धाकटी बहीण गंगी त्यांच्यातच. ऊन सरकलं की ती भिंतीच्या सावलीबरोबर सरकायची. पाटी पायरीवर ठेवून मागं व्हायची. मास्तर वरूनच वाकून बघायचा, मान हलवायचा आणि आत जायचा. कुठं चुकलं ते तिला कधी कळायचं नाही, कारण ते दाखवायला पाटीला बोट लावावं लागलं असतं.

समारंभाआधी मी घरी गेलो तेव्हा माझा बाप आबा म्हणाला, “तू सायबाच्या म्होरं हुबा ऱ्हाणार हायस. दुसरं कायबी बोलू नगंस. आमच्या पोरांस्नी आत बसवा म्हन. बास.”

गंगी दाराशी उभी होती. “दादा, माझं नाव घेशील व्हय?”

“घेतो की,” मी म्हणालो.

आणि मी तोंडावर हात ठेवून खाली उतरलो. साहेबांनी हार घेतला, पान खाल्लं, गाडीत बसले. पुढचा समारंभ वर्षानं. म्हणजे गंगी आणखी एक वर्ष अंगणात, आणि ते माझ्यामुळं. लोक हसले त्याचं दुःख दोन दिवसांत मागं पडलं. हे नाही पडलं. जेवायला बसलो की घास फिरायचा.

तो हात माझ्या तोंडावर आबानंच ठेवला होता. मी लहान असताना पाटलाच्या वाड्यापुढं काहीतरी बोललो, तर आबानं माझा हात धरून माझ्या तोंडावर दाबला आणि घरी आल्यावर कानफटात दिली. थोरामोठ्यांपुढं बोलताना हात तोंडापुढं धरायचा. आपला श्वास त्यांच्यावर जाता कामा नये. आबा स्वतः तसंच बोलायचा, वाकून, पुटपुटत. आणि हाच आबा गावाची दवंडी द्यायचा! वेशीजवळ उभा राहून, गालाशी पंजा वळवून “ऐका हो ऐका” म्हणाला की नदीपल्याडच्या मळ्यातली माणसं काम थांबवायची. सरकारचा सांगावा सांगायला त्याला आख्ख्या गावाएवढा आवाज होता. स्वतःचं काही सांगायचं झालं की तो मुका व्हायचा. मी त्याचाच मुलगा, पण त्याचं मुकेपणच तेवढं माझ्या वाट्याला आलं होतं.

समारंभात एक डॉक्टरसाहेब होते. मंगळवार पेठेत त्यांचा दवाखाना. सुधारक म्हणून नाव होतं, आणि ते खोटं नव्हतं. सगळे हसले तेव्हा ते एकटे हसले नव्हते. त्यांना मेस्मेरिझमचा नाद होता. लोक त्याला मोहिनीविद्या म्हणत. माणसाला निजवायचं आणि त्या झोपेत त्याच्या मनातली भीती काढून टाकायची. त्यांनी आमच्या मास्तरांना सांगितलं, “मुलगा हुशार आहे. सभेचं भय आहे नुसतं. माझ्याकडं पाठवा, मी बोलता करतो.”

दर रविवारी मी जाऊ लागलो. दवाखान्यामागच्या खोलीत माझ्यासाठी चटई अंथरलेली असायची. मी आडवा व्हायचो. डॉक्टरसाहेब खुर्चीवर बसून माझ्या डोक्यापासून छातीपर्यंत हात फिरवायचे. हात अंगाला लागायचा नाही, वीतभर वरून फिरायचा. मी पहिल्याच दिवशी विचारलं तर म्हणाले, “विद्येची रीतच तशी. शक्ती हातातून वाहते. स्पर्श लागत नाही.” मी मान हलवली. माझ्या जन्मात मला सगळ्यांनी वीतभर लांबच ठेवलेलं. त्या अंतरावर एक विद्या उभी आहे हे ऐकून मला उलट बरंच वाटलं. कसला शहाणा मी!

“डोळे जड झाले. अंग जड झालं. तू सभेत उभा आहेस. समोर गर्दी नाही. समोर मी एकटा आहे. मी तुझ्यावर प्रसन्न आहे. माझ्याकडं बघ आणि बोल.” हे ते संथपणे पुन्हा पुन्हा सांगायचे. मग घंटी वाजवायचे आणि मी उठायचो. खरंच अंग हलकं झालेलं असायचं. त्यांच्यापुढं मी बोलू लागलो. मग बोर्डिंगातल्या पोरांपुढं. हात आपोआप वर येईना. मी हरखून गेलो. त्या माणसाचे उपकार आहेत, ते मी आजही नाकारत नाही.

वर्षानं पुन्हा समारंभ आला. आबा गावाहून चालत आला. गंगीनं येताना बजावलं होतं म्हणे, नाव घेतो का नीट ऐकून ये. तो मांडवाच्या मागच्या बांबूला टेकून उभा होता. शिकवल्याप्रमाणं मी समोर पाहिलं. डॉक्टरसाहेब पुढच्या रांगेत. चेहरा प्रसन्न. मी बोलायला लागलो आणि शब्द असे निघाले की माझा मलाच विश्वास बसेना. महाराजांचे आभार मानले. बोर्डिंगचे मानले. टाळी पडली. मग मी म्हणालो, “परंतु आमच्या गावच्या शाळेत…”

डॉक्टरसाहेबांची भुवई चढली. एवढंच. समारंभात रडगाणं नको, अशी ती भुवई. आणि माझी जीभ वळली. “…शाळेतही आता हळूहळू उजेड पडतो आहे,” मी म्हणालो. ती भुवई खाली आली. मी पुन्हा आभार मानले. टाळ्यांचा कडकडाट. शाळाखात्याचे साहेब उठून म्हणाले, “पहा, आमच्या खात्याबद्दल यांची तक्रार नाही!”

मोहिनीमुळं झालं, मी झोपेत होतो, असं म्हणता आलं असतं. पुष्कळ दिवस मनाला तसं सांगूनही बघितलं. पण मी जागा होतो. टक्क जागा. टाळ्या गोड लागत होत्या आणि त्या थांबू नयेत असं मला वाटत होतं. माझ्या सख्ख्या बहिणीला मी त्या टाळ्यांसाठी अंगणात बसवून ठेवलं.

मांडवाबाहेर आबा भेटला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“बोललास झ्याक,” तो म्हणाला. “गंगीला काय सांगू?”

भाकरीचं फडकं खांद्यावर टाकून तो कागलच्या रस्त्याला लागला. मी त्याच्या मागं पळालो नाही. हेही पाप माझंच.

थोड्याच दिवसांनी डॉक्टरसाहेबांनी घरी बोलावलं. त्यांच्या माडीवर स्नेही जमले होते, शाळाखात्याचे साहेबसुद्धा होते. मोहिनीविद्येचा प्रयोग दाखवायचा होता, आणि बोलता झालेला मी त्यांचा खास नमुना. मला दाराजवळ चटई होती. माझ्याआधी एका वकिलाच्या मुलाची पाळी होती, त्याची बोबडी वळायची. त्याला खुर्ची दिली. डॉक्टरसाहेब त्याच्या मागं उभे राहिले, त्याच्या कपाळावर तळवा ठेवला, अंगठ्यांनी डोळे हळूच मिटले. नंतर खांद्यावर थोपटून त्याला जागं केलं. घंटी नाही. थोपटून.

मी बघत होतो. वर्षभराचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. ती वीत. ती घंटी. विद्येची रीत नव्हती ती. ती माझ्यासाठी काढलेली रीत होती. आणि गावच्या मास्तरची पाटीकडं वाकलेली मान मला आठवली. तो आणि हे, दोघांचा हात सारख्याच उंचीवर थांबत होता.

“हं, आता तू,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “आडवा हो.”

“साहेब, मला कपाळाला हात लावून निजवा.”

कुणीतरी खोकलं.

“तुला त्याची गरज पडत नाही,” ते हसून म्हणाले.

“मग त्याला का पडली?”

त्यांचं हसू गेलं. चेहरा लाल झाला. रागानं की लाजेनं, मला आजही सांगता यायचं नाही. तळवा त्यांनी थोडा उचललासुद्धा. स्नेह्यांकडं पाहिलं. आणि तो तळवा उपरण्याखाली गेला.

“मी निजत नाही,” मी म्हणालो. “आता जागेपणीच बोलतो.”

उभा राहिलो. आणि सगळं परत आलं. वर्षभराची विद्या त्या क्षणी पार उतरली. उजवा हात उठला आणि तोंडापुढं आला. कुणीतरी हसलं. मी तो खाली घ्यायला गेलो आणि मला आबा आठवला, वेशीजवळचा. हात खाली घेतला नाही. तोंडावरून गालाशी नेला, पंजा वळवला आणि ओरडलो.

“ऐका हो ऐका! महाराजांचा हुकूम झालाय की पोरं एकत्र बसवा! माझी बहीण गंगी अजून शाळेच्या अंगणात बसतीया! तिच्या पाटीला मास्तर हात लावत न्हाई! मांडवात मी खोटं बोललो! आमची तक्रार हाय!”

आवाज फाटला. निम्मे शब्द थुंकीत अडकले. पण खालच्या रस्त्यावरची माणसं माना वर करून माडीकडं बघायला लागली. शाळाखात्याच्या साहेबांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. डॉक्टरसाहेब खिडकी बंद करत म्हणाले, “मी तुला वाचा दिली, आणि तू हे केलंस.”

“वाचा माझ्या बापाची हाय,” मी म्हणालो आणि जिना उतरलो.

साहेब आमच्या गावी गेले. त्या दिवशी पोरं आत बसली. साहेबांची गाडी वेशीबाहेर पडली आणि पोरं बाहेर आली. मी पुन्हा शाळाखात्याच्या दारात जाऊन ओरडलो. पुन्हा साहेब, पुन्हा तेच. पोरं आत बसून राहायला लागली तोवर गंगीचं लग्न होऊन ती कुरुंदवाडच्या बाजूला नांदायला गेली होती. तिला स्वतःचं नाव लिहिता येतं. त्यापुढं काही येत नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. भेटली की विचारते, “दादा, अजून ओरडतोस व्हय?” आणि मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही. तिचं एक वर्ष माझ्या भीतीनं खाल्लं. ते मला समजून घेता येतं. दुसरं माझ्या टाळ्यांनी खाल्लं. ते माफ करून घ्यायला मी कुणाकडं जाणार नाही.

सभेत उभा राहिलो की आजही पाय कापतात. कापू देत. भीती काढून देतो म्हणणारा कुणी भेटला तर मी आधी त्याचा हात बघतो, कुठं थांबतो ते. आणि आभाराचं भाषण मी त्या मांडवात शेवटचं केलं. जोवर एक पोर शाळेच्या ओसरीखाली बसलेलं आहे, तोवर माझ्या तोंडून आभाराचा शब्द निघणार नाही. मला व्यासपीठावर बोलवायचं असेल तर बोलवा. मी येईन, थरथरत येईन, आणि आधी तक्रारच सांगेन.