आजी बसली का नेट चालते

त्या दिवशी घरात आम्ही चौघं होतो. मी, माहा पोरगा विलास, सून प्राची आन नेट लावणारा नरेश. चौघांनी डोळ्यानं पाहिलं म्हून सांगून राहिली, नाही तं मी असलं काही मानणारी बाई नाही. रोवण्याच्या दिवसात अंधार पडेपर्यंत धानाच्या बांधीत राहिली, मसणाच्या रस्त्यानं एकटी घरी आली... मले कधी काही दिसलं नाही. लिहिता फारसं येत नाही. मोबाईलात बोलते, तो लिहिते.

भंडाऱ्याले बसस्टँडच्या मांगं पोराचा फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डरनं बांधतानाच भिंतीतून नेटच्या वायरी टाकून ठेवल्या होत्या. दरेक खोलीत भिंतीले एक डबी, आन साऱ्या वायरी दाराजवळच्या लोखंडी पेटीत. नरेशनं बाहेरची लाईन त्या पेटीत जोडली आन खोल्याखोल्यांत यंत्र लावून पाहू लागला. हॉलमधली डबी बंद. पोराच्या खोलीतली बंद. प्लास्टर करताना वायर दबली असन म्हणे. माही खोली सैपाकखोलीच्या बाजूले, लहानशी. तिथं हिरवा दिवा लागला.

प्राचीले घरून करायची नवीन नोकरी लागली होती. ऑफिसवाले म्हणे वायरचंच नेट पाहिजे, वायफाय चालणार नाही. तं तिचा टेबल माह्या खोलीत आला. मी चहा ठेवाले उठली, दिवा गेला. येऊन खाटेवर बसली, दिवा लागला. नरेशनं पेटीतले जोड बदलले, यंत्र बदललं. आजी उठा, आजी बसा... लय बार केलं. माह्या जागी प्राची बसली, विलास बसला. नाही लागला. मी बसली का लागे.

नरेश हासला. म्हणे, "मॅडम, आजीलेच मशीन समजा. फक्त हालू देऊ नका."

प्राची नाही हासली.

खोली लहान, तं टेबल दाराले लावून ठेवला. दार बंद करूनच काम चाले. मी खाटेवर. मधात उठाचं नाही. लघवीले जाते म्हटलं तं ती हात दाखवे — थांबा. मंग म्हणे आई, सकाळचं पाणी कमी पीत जा. मले बसाचं काही वाटलं नाही. जनम चिखलात वाकून काढला, बसणं काय मोठं काम आहे?

पवनीले माही लहान बहीण, कौशी. आमचे भाऊ गेले. माहेर म्हणून तिले मी आन मले ती. आमच्यात बाई मेली का माहेरचं लुगडं पांघरून मंगच उचलतात. आमचं दोघींचं बोलणं झालं होतं, जे मांगं राहीन तिनं आणाचं. कौशी खाटेले लागली तवा भाच्याचा, संजूचा फोन आला. मावशी, येऊन जा, माय तुमचंच नाव घेऊन राहिली. मी हिरवं लुगडं आणवलं, पिशवीत घालून ठेवलं. विलासले म्हटलं, मले नेऊन दे बापा, पवनी काही दूर नाही. तो प्राचीकडे पाहे. ती म्हणे ऑफिसवाले नोकरी पक्की करून राहिले, एवढे दिवस निघू द्या. आन म्हणे, पवनीच्या मावशी काय आजच जाऊन राहिल्या?

कौशी गेली तो कामाचाच दिवस होता. प्राचीची मीटिंग चालू होती. मी फोन कानाले लावला.

"मावशी, माणसं जमली," संजू म्हणे. "लुगडं घेऊन निघाल्या का?"

मी उठली. तिच्या स्क्रीनवरचे माणसं जागच्या जागी अडकले. प्राचीनं दोन्ही हातानं टेबल धरला, दार त्याच्या मांगं. माह्याकडे न पाहता हळूच म्हणे, "बसा आई."

मी बसली. माणसं हालाले लागले.

आणखी एक फोन आला. मंग नाही आला. कौशीले सासरच्याच लुगड्यात नेलं. तिची जाव चारचौघीत म्हणे, या बाईले माहेर होतं तरी का? असं मंग कानावर आलं. संजू आता माहा फोन उचलत नाही.

विलासले वाईट वाटलं असन. त्यानं नरेशले बलावलं, म्हणे टाइल फोडा, काही करा, नवीन वायर टाका, माय मोकळी होऊ दे. नरेशनं माह्या खोलीतली डबी भिंतीतून काढली. मांगं वायरच नाही. वायरीची नळी सिमेंटनं बुजलेली. नरेशनं बोट घालून पाहिलं, विलासनं पाहिलं. डबी नरेशच्या हातात लोंबून राहिली, आन यंत्राचा हिरवा दिवा लागूनच... मी खाटेवर होती.



मंग प्राची म्हणे, "चालून राहिलं ना? मंग बसवा ते परत."

नरेशनं बसवली. विलास खाली पाहत राहिला. टाइल कोणी फोडली नाही.

तिची नोकरी पक्की झाली. हे काहून होते, मले अजून समजलं नाही. नरेशले विचारलं तं तोही नाही म्हणे, आन आता आमच्या घरी येतही नाही. मी बसून आहे, म्हून हे तुमच्यापर्यंत आलं.

वाचणारा कोणी पवनीकडचा असन, तं भंडाऱ्याले आल्यावर बसस्टँडच्या मांगं येजा. लुगडं पिशवीत तयार आहे. संजूच्या घरी नेऊन देजा. त्याले एवढंच सांगजा, मावशीनं घेऊन ठेवलं होतं.