चौथ्या मजल्यावर न पोचलेले देव

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचीच चीड येते. चिकलठाण्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो.

एका सकाळी एक गृहस्थ फिर्याद द्यायला आले. घराणे मेंढपाळांचे, स्वतः कारखान्यात सुपरवायझर. दौलताबादजवळचे घर सोडून आदल्या दिवशीच ते आमच्या हद्दीत, नव्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहायला आले होते. सामान शिफ्टिंगवाल्यांच्या ट्रकने आले. त्यांचा मुकादम आधी घर पाहून गेला होता. पलंग कुठून निघेल, कपाट कुठे वळेल, सगळे त्याने मोजले आणि प्रत्येक खोक्याला नंबर दिला. देवांचे खोके एक नंबरचे. ते ट्रकमध्ये शेवटी चढवले, म्हणजे नव्या घरात आधी जाईल. ते उघडले, तर पितळी डब्यातले चांदीचे तीन टाक गायब. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले कुलदेव!

मी पंचनामा केला. ‘डब्यात भंडारा व तीन सुपाऱ्या’ हे शब्द मीच सांगून लिहवून घेतले. डोक्यात मात्र काही शिरले नाही.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. “साब, वो शिफ्टिंगवाला मुकादम कल शाम को सराफे में घूम रहा था.”

चांदी गेलेली आणि माणूस सराफ्यात. मला आणखी काय हवे होते? मुकादमाला उचलून आणले. पन्नाशीचा, खांद्याला घट्टे पडलेला माणूस.

“सराफ्यात कशाला गेला होतास?”

“साहेब, परवा तिथलं एक दुकान हलवायचंय. जिना मोजाया गेल्तो. काचंचं कपाट वळतंय का नाय, ते बघाया.”

मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याच्या खिशात मोजपट्टी निघाली, आणि जिन्याचे चित्र काढलेला कागद. मी दोन्ही न बघता ड्रॉवरमध्ये टाकले. त्या दुकानदाराला एक फोन केला असता तरी पुरे होते. तो मी केला नाही. स्टेशन डायरीत नोंद न करता त्याला दोन दिवस बसवून ठेवले, आणि तेवढ्यात त्याच्या मालकाने त्याला कामावरून काढले.

तिसऱ्या दिवशी पंचनामा वाचताना आमचा एक हवालदार थबकला. तोही मेंढपाळाच्या घरातला.

“साहेब, ह्यो चोर नाय. देव उचलले की जागा रिकामी ठेवत नाईत आमच्यात, सुपारी ठिवतात. चोर कशाला ठिवंल? घरचंच माणूस हाय.”

आम्ही फ्लॅटवर गेलो. फिर्यादीची आई बाल्कनीत बसली होती. मी विचारताच म्हातारीने सरळ सांगितले.

“व्हय, म्याच काढले. जावंच्या देव्हाऱ्यात बसिवले, तिथंच, दौलताबादला. मेंढरामागं हिंडलेलं देव हे, इथं वर कसं टांगून ठिवू? पोरानं पंखं मोजले, पलंग मोजला. मला कुणी इचारलं नाय.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. मुकादम मार खाऊन दोन दिवस ठाण्यात बसून आहे, हे तिला आमच्याकडूनच कळले. तिने माझ्याकडे नीट पाहिले.

“आन् तुमी त्याला मारलं? कामून?”

ठाण्यात येऊन मी मुकादमाला मोजपट्टी परत केली, चहा मागवला. त्याने चहाला हात लावला नाही. मी माफीही मागितली नाही. वर्दीत ती सवयच नसते.

प्रकरण मिटले, माझ्यावर ठपका आला नाही. त्याच्यावर मात्र शिक्का बसला. पोलिसांनी उचललेल्या माणसाच्या हाती घरादाराच्या किल्ल्या कोण देणार? गरिबाचे खरे बोलणे आम्हाला बनाव वाटते. एवढे शिकायला मला एका माणसाचे पोट मारावे लागले, आणि हे शिक्षण मला फुकटात मिळाले.

निवृत्त झाल्यावर मीही सरकारी क्वार्टर सोडले. सामान चढवायला माणसे हवीत म्हणून सकाळी मजुरांच्या नाक्यावर गेलो. पाच-सहा हात वर झाले. त्यात एक त्याचा. त्याने मला ओळखले, हात खाली घेतला आणि पाठ फिरवली. मला हाक मारायचे धाडस झाले नाही. दुसरे दोघे घेऊन निघालो.

दुपारी नव्या घरी माझे लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकले. जिना कुणी मोजलाच नव्हता.