खालचे रंग

रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या नसीमा मुकादम शाळेत चित्रकला शिकवतात. बरीच वर्षं त्या समुद्र, माड आणि सूर्यास्त रंगवत होत्या. चित्रं बरी व्हायची, पण पूर्ण झाली की त्यांना स्वतःलाच ती पुन्हा बघावीशी वाटत नसत.

एका जूनमध्ये मासेमारी बंद झाली आणि त्यांचा थोरला भाऊ हारुन याने होडी खाडीकाठी ओढून घेतली. नसीमा जेवणाचा डबा घेऊन गेल्या, तेव्हा तो पत्र्याने जुना रंग खरवडत होता. निळ्याखालून हिरवा निघाला होता, हिरव्याखालून तांबडा. पत्रा फिरला होता तिथे माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठली होती. तांबडा कधी लावला होता, ते हारुनलाही आठवेना.

घरी नसीमांनी प्लायवूडच्या फळीवर होडीचाच ऑइलपेंट लावला. एकावर एक तीन-चार हात दिले, वाळू दिले आणि खरवडले. नक्षी उमटली, पण चित्र निर्जीव वाटलं. वर्षभर त्या रंगांचा क्रम बदलत राहिल्या. मग एकदा खरवडता खरवडता त्या थांबल्या. खाली काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तर हात ठरलेल्या जागीच जातो!

त्यांनी कोऱ्या फळ्या हारुनकडे पोचवल्या. घरात उरलासुरला असेल तो रंग लाव, पण कुठला लावलास ते मला सांगू नको, असं बजावलं. हारुनला हे काहीतरी खूळ वाटलं, तरी त्याने फळ्या रंगवून दिल्या. पहिल्याच फळीवर पांढऱ्याखालून जांभळा डोकावला. होडीला जांभळा कोण लावतं? मागाहून कळलं, शेजाऱ्याच्या दरवाजाच्या रंगाचा डबा त्याने मागून आणला होता. तेव्हापासून नसीमा अशीच चित्रं करतात, आणि ती लांबूनही ओळखू येतात.

गेल्या डिसेंबरात रत्नागिरीत त्यांचं प्रदर्शन भरलं. सावनी नावाच्या एका तरुण चित्रकर्तीने विचारलं, “खालचे रंग भावाचे, मग चित्र नक्की कोणाचं?”

हारुन बाजूलाच उभा होता.

“रंग माझे,” तो म्हणाला. “पण मी लाकूड लागेपर्यंत खरवडतो. कुठं थांबायचं, ते हिला कळतं.”

ते आपल्याला कसं कळतं, याचा नसीमांनी कधी विचारच केला नव्हता. हल्ली खरवडताना त्या स्वतःच्या हाताकडे लक्ष ठेवून असतात. काही उमगलं का, असं हारुनने विचारलं, की म्हणतात, “बघत्येय अजून.”