विसार घेतलेली मोटार

ती मोटार आणि ती बाई, दोघी अजून माझ्या नजरेपुढून हलत नाहीत. निजामी अमलात मी केजच्या ठाण्याला अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. गावात मोटार एकच. एका देशमुखांनी हौसेने आणलेली, विलायती, पितळी दिव्यांची. देशमुख वारले आणि मोटार गोठ्यात बैलांशेजारी उभी राहिली. जमीनजुमला दिरांच्या ताब्यात गेला, त्यांच्या मागे राहिलेल्या बाईंच्या नावावर उरली ती मोटार. ती विकून दोन म्हशी आणि जमिनीचा एक तुकडा घ्यायचा, दिरांच्या चुलीवर जेवायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

गिऱ्हाईक म्हणून गावातला एक आडत्या पुढे आला. देशमुखांच्या जुन्या ड्रायव्हरने चारचौघांसमोर हँडल मारमार मारलं, घाम पुसला आणि मोटार मेली म्हणून सांगितलं. मग किंमत लोखंडाचीच ठरणार. एका बैलजोडीच्या दामावर सौदा झाला, उरलेली रक्कम पुढच्या बाजारी द्यायची ठरली आणि बाईंनी विसार घेतला. आमच्याकडे विसाराची आगाऊ रक्कम एकदा हातात घेतली की मागे फिरणं म्हणजे आपल्या हाताने नाक कापून घेणं.

खबर आणली ती ठाण्याच्या जमादाराने. बीडहून आलेला एक गाडीवान तंबाखू मळता मळता त्याला बोलून गेला होता की, आडत्यासाठी पेट्रोलचे दोन डबे आणलेत. त्या काळी केजात त्या मोटारीखेरीज पेट्रोल पिणारं दुसरं काही नव्हतं. मेलेल्या म्हशीला पेंड कोण घालतो?

आडत्याला बोलावलं. दिव्यात घालायला घेतलं, म्हणाला. मी म्हटलं, दुकान पेटवायचं असेल तर आधी ठाण्यात वर्दी द्या. तो हसला. गडी मुरलेला होता, त्याच्याकडून काही निघालं नाही.

मग ड्रायव्हरला बसवलं. माणूस चोरीचा आळ सोसतो, पण त्याच्या हाताच्या कामाला नाव ठेवलेलं त्याला सोसत नाही, हे मी नोकरीत फार वेळा पाहिलं आहे. म्हणून चोरीचं नावच काढलं नाही. चहा दिला आणि सहज म्हणालो, "देशमुखांनी मोटार तुझ्या भरवशावर सोडली, अन् तुझ्या हातानं मेली. तुला ती ठेवता आली नाही."

त्याचा कप हातातच राहिला.

"मेली न्हाई साहेब," तो म्हणाला. "माझ्या हातची मोटार मरत न्हाई."

पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं. आडत्याने त्याला नोकरीची लालूच दाखवली होती. इंजिनात ठिणगी पाडणारा पुर्जा काढून त्याने घरच्या ज्वारीच्या कणगीत पुरला होता. पंचांसमोर तो काढला, पंचनामा केला आणि सगळे गोठ्यावर गेलो.

ड्रायव्हरने पुर्जा बसवला, आडत्याचंच पेट्रोल ओतलं आणि हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला मोटार अशी गरजली की बैलांनी दावी तोडली. पंचांतल्या एका म्हाताऱ्याने पागोटं काढून हात जोडले. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. पण खरा काटा अजून यायचा होता.

आडत्याचं तोंड उतरलं. प्रकरण मिटावं म्हणून त्याने तिथल्या तिथे सहा बैलजोड्यांची किंमत देऊ केली. पंच म्हणून आणलेले बैलबाजारातले दोन दलालही खूश झाले. बाई दाराआड उभ्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "आधी खोडी ऐका, मग किंमत बोला."

बैलबाजाराचा रिवाजच तो. विकणाऱ्याने जनावराची खोड आपल्या तोंडाने सांगायची, लपवली तर सौदा मोडतो. बाईंनी एकेक सांगितली. चढाला पाणी उकळतं. ब्रेक उशिरा लागतो. टप फाटलाय, मागची रबरं गेलीत. दलालांनी हिशेब करून चार जोड्या सांगितल्या. बाई हो म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "बाईसाहेब, यानं तुम्हाला फसवलंय. सहा देतोय तर घ्या की. नाहीतर सौदाच मोडा."

"विसार घेतलाय, अमीनसाहेब. मोटार त्यालाच द्यायची, ह्या शब्दाला मी बांधलेली हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यानं केलं ते तुमच्या कचेरीत निस्तरंल. इथं किंमत मोटारीची करायची हाय, त्याच्या पापाची न्हाई."

आडत्यावर दगाबाजीचा खटला चालला, ड्रायव्हर साक्षीदार झाला. मला मात्र त्या बाईंपुढे आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि ते वाटणं पुढे नोकरीभर कामाला आलं. आरोपी बदमाश असला की त्याच्या नावावर दोन गुन्हे जास्तीचे लिहायला पोलिसाचा हात शिवशिवतो. तसा शिवशिवला की मला त्या दाराआडचा आवाज ऐकू यायचा.

बाईंनी म्हशी घेतल्या, जमीनही घेतली. मी ठाण्याला त्यांच्याकडचं दूध लावलं. भाव बाजारचाच होता. अमीनसाहेब म्हणून त्यांनी एक पैसा कमी घेतला नाही, की उपकार म्हणून एक घोट जास्त घातला नाही.