दाराचे तीन आकडे

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींइतका जागेचा नेमका आणि तरी इतका हरवलेला माणूस उभ्या चंदीगडात दुसरा नव्हता. मूळचे अकोल्याचे, नोकरी आयटी पार्कात, आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर एक खेळ रचत बसायचे. त्या नादात त्यांना जगातली प्रत्येक वस्तू तीन आकड्यांत दिसू लागली: किती उजवीकडे, किती पुढे, किती उंच. चष्मा कुठंय विचारलं तर म्हणत, "दोन, एक, आणि ओट्याएवढी उंची." सेक्टर नि घरनंबरावर जगणाऱ्या या गावालाही ते अती व्हायचं. भाजीवाला विचारायचा, "साबजी, आलू चाहिए या नक्शा?"

खेळात हाणामारी नव्हती. नऊवारीतली एक बाई आमच्या फाटकातून येऊन, जिना चढून भाऊजींच्या दाराशी पोचायची, बस्स. अकोल्याला त्यांच्या आईंच्यात प्रवासाचं बळ उरलं नव्हतं, नजरही मावळत चालली होती. नजर पुरती जायच्या आत भाऊजींना आपलं घर त्यांना दाखवायचं होतं. पण खेळातली बाई फाटकाशीच अडायची आणि जायची जागा चुकीच्या प्रकारात सांगितल्याची लाल इंग्रजी ओळ उमटायची. मी तेव्हा कॉम्प्युटरचा छोटा कोर्स केलेली विदुषी, सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीवर टांगलेलं! "बंद करून चालू करा, भाऊजी," हा माझा एकुलता एक मंत्र. तो मी अशा थाटात द्यायचे की आज नात ते ऐकून हसून लोळते.

दिवाळी गेली, थंडी पडली, बाई फाटकातच. एकदा भाऊजी चहाला आले नि त्यांनी साखर कुठंय विचारलं.

"डब्यात."

"आणि डबा?"

"साखरेपाशी!" मी खेकसले.

भाऊजी ताडकन उठले. "वहिनी, मीही हेच केलं! बाईला कुठं जायचं ते सांगताना नुसतं दार दिलं. कॉम्प्युटरला दार नको, दाराची जागा हवी. तीन आकडे!"

साऱ्या जगाला आकडे वाटणारा माणूस स्वतःच्या दाराचे द्यायला विसरला होता.

बाई दारापर्यंत पोचली. तोवर आईंची नजर गेली होती.

तरी त्यांनी अकोल्याला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. पडद्यावरच्या बाईला चालवत ते सांगत होते, "आई, हे फाटक. डावीकडे पेरूचं झाड. आता जिना, सावकाश... आलीस. दाराशी आहेस."

पलीकडून धापेसारखा आवाज आला, "चपला कुठी काढू रे बाप्पा?"

भाऊजींना एकही आकडा सुचेना.

"तशाच आत या, आई," शेवटी मीच म्हटलं, "बाहेर फार थंडी आहे."