गुणगुणणारी तार

नदीत आडव्या ताणलेल्या पोलादी तारेला धरून तराफा ये-जा करायचा, आणि त्या तारेची देखभाल तारमामांकडे होती. पाणी तारेला वळसा घालताना एकदा वरून, एकदा खालून भोवरे सोडतं आणि दर भोवऱ्याला तार हिसका खाते, हे मामांच्या हाताला कळायचं. मग ते तारेभोवती गोल जिन्यासारखा फिरत जाणारा दोर गुंडाळायचे. भोवऱ्यांची एकी मोडायची आणि तार थरथरायची थांबायची.

त्यामुळे मामी जेव्हा म्हणाल्या, "अहो, गच्चीवरची कपड्यांची तार वाऱ्यानं गुणगुणते, दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही," तेव्हा मामांची कळी खुलली.

"वारा काय नि पाणी काय, खोड्या त्याच," म्हणत त्यांनी सुट्टीची अख्खी सकाळ तारेवर दोर गुंडाळण्यात घालवली. वारा सुटला, तरी तार चिडीचूप. मामा कमरेवर हात ठेवून स्वतःच गुणगुणू लागले.

तेवढ्यात मामी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या. दोरामुळे तार इतकी जाड झाली होती की एकही चिमटा बसेना.

"आता कपडे काय तुमच्या मिशांवर वाळत घालू?"

"पण आवाज बंद झाला ना?"

"कपडे असले की तो बंदच असतो. रिकामी असली की गुणगुणते, तुमच्यासारखी," म्हणत मामींनी ओली चादर त्यांच्या खांद्यावर टाकली.

मामांचं गुणगुणणं तिथल्या तिथे थांबलं.